माती, काटा, गोटा : यवतमाळच्या वाटांवरची सायकल

यवतमाळ जिल्ह्यात सायकल कोणतीही घ्या, तीन गोष्टींशी तिची गाठ पडल्याशिवाय राहत नाही. पावसाळ्यात काळी माती, दिवाळीनंतर काटा आणि बाराही महिने गोटा. गेल्या साठेक वर्षांत इथल्या पांदण रस्त्यांवर सायकलींच्या चार पिढ्या आल्या. आधी अठ्ठावीस इंची काळी सायकल, मग रेंजर, मग गिअर-शॉकअपवाली आणि आता मोठ्या चाकांची, ट्यूबलेस टायरची माउंटन बाइक. प्रत्येक पिढीने या तिघांपैकी एखाद्याशी जमवून घेतले, दुसऱ्याशी निभावून नेले आणि तिसऱ्यापुढे हात टेकले.

आज रानवाटांवर फिरायला सायकल घेणारा तरुण मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या रायडरांचे सल्ले ऐकतो आणि टायर मागवतो. सल्ला चुकीचा नसतो, पण तो सह्याद्रीच्या ओल्या कातळाचा आणि गवताळ सड्यांचा असतो. आपली जमीन निराळी. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. मध्ये समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास यवतमाळचे पठार, पूर्वेकडे वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा. पठाराच्या कडांवर खडक उघडा पडलेला आणि त्यावर सागाचे रान. खाली उतरले की बेंबळा, अडाण, अरुणावती, निर्गुडा यांच्या खोऱ्यांत कापसाची काळी जमीन. सकाळच्या एका फेरीत चाकाखालची जमीन मुरूम, गोटे, काळी माती अशी दोन-तीनदा बदलते. इथे टायर निवडायचा तर एका जमिनीपुरता विचार करून भागत नाही.

काळी सायकल

पहिली पिढी कामाची होती. मुंबईच्या हिंद सायकल्सने १९३९ मध्येच देशी उत्पादन सुरू केले होते. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टी. आय. सायकल्सची हर्क्युलिस, सोनीपतची ॲटलस, आसनसोलची सेन-रॅले आणि १९५६ पासून लुधियान्याची हिरो अशा कंपन्या उभ्या राहिल्या. या सगळ्यांचा साचा एकच, विलायती रोडस्टरचा. मास्तर, पोस्टमन, दूधवाला, जिनिंगमधला कामगार असे सगळे याच सायकलवर दिसायचे. लग्नाच्या बोलणीत रेडिओ आणि घड्याळाच्या जोडीला सायकल असायची ती हीच. घरातली पोरे तिच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारत सायकल शिकली.

तिचा टायर अठ्ठावीस बाय दीडचा, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर रुंदीचा. रिंगचा व्यास ६३५ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आज 'ट्वेंटीनाइनर' म्हणून मिरवणाऱ्या माउंटन बाइकची रिंग ६२२ मिलिमीटरची असते. आपल्या आजोबांच्या सायकलची रिंग तिच्याहून मोठी होती. चाक मोठे असले की खड्ड्यात कमी उतरते आणि गोट्यावरून सहज पार होते. त्यात चौकट लांब, पुढचा चिमटा पुढे वाकलेला आणि सीटखाली जाड स्प्रिंगा. शॉकअप नसतानाही खडबडीत वाटेवर ही सायकल माणसाला आणि त्याच्या ओझ्याला सांभाळून न्यायची. कॅरिअरवर सरपणाची मोळी, हँडलला दुधाचे कॅन आणि दांड्यावर पोरगे असा संसार घेऊन ती कोलामांच्या पोडांपर्यंत आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांपर्यंत गेली. केळापूर-झरीकडे पोड ते पोड आणि दिग्रस-पुसदकडे तांडा ते गाव अशा ज्या एकपदरी पायवाटा आहेत, त्यांना आजचे रायडर 'सिंगल ट्रॅक' म्हणतात. त्यांवर पहिली चाके उमटली ती याच सायकलची.

तिचे वैर होते ते चाकोरीशी आणि चिखलाशी. त्या काळी बंडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. तिने पडलेली चाकोरी अरुंद, खोल आणि उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट. दीड इंची टायर तीत एकदा उतरला की बाहेर यायचे नाव घेत नसे. चैत्र-वैशाखात काळ्या जमिनीला भेगा पडत, त्यांतही हे चाक अडके. आणि पावसाळ्यात तर मडगार्ड व टायर यांच्यामध्ये मातीचा असा काही गच्च भर बसे की चाक फिरणेच बंद. काहीजण जूनमध्ये मडगार्ड काढून ठेवत. बाकीचे दर शंभर पावलांवर थांबून काडीने माती उकरत. आषाढात माणूस सायकलवर बसण्यापेक्षा सायकलच माणसाच्या खांद्यावर जास्त असायची. जाणता माणूस मग पांदण सोडून लांबच्या मुरुमाच्या वाटेने जायचा.

तिकडची रुंदी, इकडची उंची

याच काळात सातासमुद्रापार एक वेगळाच उद्योग चालला होता. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या दशकांतल्या जुन्या जाडजूड सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडत होते. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी त्या उतारावर पहिली शर्यत लावली. पायाने मागे दाबायचा ब्रेक इतका तापायचा की हबमधले ग्रीस जळून जाई आणि दर उतरणीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव पडले 'रीपॅक'. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने खास डोंगरासाठी चौकट बनवली, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचे दुकान थाटले आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर कारखान्यातून बाहेर पडली.

त्या जुन्या सायकलींत डोंगराला चालण्याजोगे काय होते? श्विन कंपनीने १९३३ मध्ये आणलेला २६ बाय सव्वादोन इंचांच्या आसपासचा फुगीर टायर. अमेरिकन कंपनीने तो पोरांच्या आडदांड वापरासाठी काढला होता. आपल्याकडे साचा आला विलायतेचा, आणि विलायतेत रस्ते पक्के होते, म्हणून टायर अरुंद. त्यामुळे अमेरिकेतल्या त्या पोरांकडे टायरची रुंदी होती आणि आपल्या पांदणीवर चाकाची उंची. रानवाटेला दोन्ही लागतात. ही दोन्ही एकत्र यायला १९९९ उजाडावे लागले. त्या वर्षी २९ इंची चाकासाठी पहिला खरा रुंद, गुट्ट्यांचा टायर बाजारात आला. आपल्याकडे तो पोचायला आणखी दीड दशक गेले.

रेंजरचे दिवस

नव्वदच्या दशकात यवतमाळ, वणी, पुसदच्या दुकानांत सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली दिसू लागल्या. हिरोची रेंजर इतकी चालली की कोणत्याही कंपनीच्या तसल्या सायकलला लोक रेंजरच म्हणू लागले. गिअर नाही, शॉकअप नाही, पण २६ इंची चाकावर दोन इंचांचा गुट्ट्यांचा टायर. गोट्यांच्या वाटेवर तिने कमाल केली. काळ्या सायकलवर जिथे हाडे खिळखिळी व्हायची, तिथून कॉलेजची पोरे पायडल मारत जाऊ लागली. भेगांत आणि चाकोरीत टायर अडकणेही कमी झाले. मात्र चाक लहान असल्याने मोठ्या गोट्यावर ते आदळायचे, पार होत नसे.

तिचे नशीब असे की ती आली तेव्हा कर्त्या माणसाने सायकल सोडायला सुरुवात केली होती. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या सीडी १०० ने खेड्यांतली समीकरणे बदलली. तालुक्याच्या गावाला जायचे तर मोटारसायकल. सायकल उरली शाळेपुरती. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्राम सडक योजनेतून गावोगाव डांबर पोचले आणि शाळेच्या वाटेवर गुट्ट्यांच्या टायरची गरजही सरली. २०११ नंतर मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकली मिळू लागल्या. या योजनेने मुलींची शाळा टिकवायला हातभार लावला. पण जिथे डांबर संपून पांदण सुरू होते, तिथे साध्या टायरच्या त्या सायकलींची गाठ पुन्हा त्याच तिघांशी पडली.

दरम्यान वाटही बदलली. लाकडी बंडी गेली, रबरी टायरची आली, तिच्या मागे ट्रॅक्टर आला. अरुंद खोल चाकोरीच्या जागी ट्रॅक्टरच्या रुंद, आडव्या खाचांच्या नाल्या पडल्या. त्यांत टायर अडकत नाही, पण सायकल सतत हादरत राहते. हादरे जिरवायचे तर रुंद टायर आणि कमी हवा, हा धडा रेंजरनंतरच्या पिढीने शिकायला हवा होता. ती मात्र भलत्याच वाटेला लागली.

शॉकअपची भुरळ

२००५ मध्ये फायरफॉक्स आली आणि गिअरची सायकल ही शहरी घरांची हौस झाली. २०११ मध्ये टी. आय. सायकल्सने मॉन्ट्रा आणली, पुढे नागपूरकडून डेकॅथलॉनच्या रॉकरायडर येऊ लागल्या. पण जिल्ह्यात सर्वांत जास्त खपल्या त्या स्वस्त, पुढे-मागे शॉकअप लावलेल्या सायकली. दुकानात दाबून पाहिल्या की खालीवर होतात, पोरगे खूश, बापही खूश.

या स्वस्त शॉकअपमध्ये नुसती लोखंडी स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारे तेल किंवा हवा नसते. गोट्यावर आदळून दबली की ती तेवढ्याच जोराने सायकल उडवते. चढावर पायडल मारताना बराच जोर स्प्रिंग खाते. मागच्या शॉकअपच्या सांध्यांत काळी माती शिरली की ते कुरकुरतात आणि वर्षभरात खुळखुळे होतात. वजन अठरा किलोच्या घरात. म्हणजे काळ्या सायकलचे वजन, पण तिची मजबुती नाही. या पिढीने जे खरे दिले ते गिअर. पठारावरून खाली उतरणे कधीच अवघड नव्हते, पण परत चढून येणे गिअरमुळे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मागून जाड टायरच्या फॅट बाइकही आल्या. चार इंची टायर नदीच्या वाळूत तरंगतो हे खरे, पण काळ्या मातीत तो दुप्पट रुंद म्हणून दुप्पट माती उचलतो.

नवे सायकलस्वार, जुना काटा

मोठ्या माणसांच्या हाती सायकल परत आली ती व्यायाम आणि हौस म्हणून. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ मध्ये रशियातली नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यत. विदर्भभर सायकलीचे वारे वाहिले. यवतमाळातही पहाटे डॉक्टर, शिक्षक, व्यापारी डांबरी रस्त्याने निघू लागले. २०२० च्या टाळेबंदीत जिम बंद झाल्या तेव्हा सायकलची दुकाने रिकामी झाली. या मंडळींतल्या काहींना डांबराचा कंटाळा आला आणि ती निळोणा-चापडोह धरणांकडच्या वाटांना, बेंबळ्याच्या कालव्याच्या कडेला, सागाच्या रानालगतच्या पांदणींना लागली. आणि लागताच त्यांना काट्याने गाठले.

सराटा जमिनीलगत पसरतो. पावसाळा सरला की त्याचे फळ वाळून फुटते आणि तुकडा कसाही पडला तरी एक टोक वर राहते. बाभळीचा काटा लांब आणि सरळ, बोराटीचा आकड्यासारखा वाकडा. शेताला कुंपण घालायला या फांद्या ओढून नेतात, त्यांतले काटे वाटेवर सांडतात. काळ्या सायकलच्या जमान्यात यावरचा तोडगा पंक्चरवाल्याकडे होता. जुन्या टायरच्या कडा कापून त्याची पट्टी आत बसवायची, तिला गेटर म्हणत. टायर जड व्हायचा, पण काटा ट्यूबपर्यंत पोचत नसे. वालट्यूबचे रबर उन्हाने कडक झाले की आठ आण्यांत बदलून मिळे. घमेल्यात पाणी, सोल्युशन, कानस आणि ठिगळ, एवढ्यावर दुकान चालायचे.

नव्या सायकलींनी हा तोडगा मोडीत काढला आणि बराच काळ दुसरा दिला नाही. कित्येकींच्या ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह, ज्याला गावचा पंप बसत नाही. २९ आणि साडेसत्तावीस इंची ट्यूब तालुक्याच्या बाजारातही मिळत नसे. म्हणून जाणत्यांनी मोटारसायकलच्या धाटणीचा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घ्यायचा नियम केला. ती पेट्रोलपंपावरही भरता येते. वेळच आली तर २६ इंची ट्यूब ताणून मोठ्या चाकात बसवता येते, हेही ठाऊक झाले.

काट्यावरचे खरे उत्तर ट्यूबलेसने दिले. माव्हिकने १९९९ मध्ये सायकलसाठी ट्यूबलेसची पद्धत आणली. ती आपल्याकडे रुळली गेल्या काही वर्षांत. ट्यूबच नाही, टायरच्या आत रबराच्या चिकाचे सीलंट. काटा घुसला की ते छिद्रात जाऊन गोठते. सराट्याची डझनभर छिद्रे झाली तरी स्वार घरी पोचतो. ट्यूब चिमटण्याची भीती नसल्याने हवाही कमी ठेवता येते. सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर ३०-३५ पीएसआय लागते, ट्यूबलेसला २२-२६ पुरते. हवा कमी म्हणजे टायर गोट्यावर पसरतो, पकड वाढते, हादरे कमी होतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. थंड देशात सहा महिने टिकणारे सीलंट आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दोन-अडीच महिन्यांत वाळते. मार्च ते जून ते वरचेवर तपासावेच लागते. आणि बेसॉल्टच्या धारदार कडेने टायरची बाजू चिरली तर सीलंटचा उपयोग नाही. तिथे आतून टायरचा तुकडा लावावा लागतो. म्हणजे पुन्हा गेटरच.

जिथे टायर चालत नाही

दोन गोष्टींवर मात्र कोणताही टायर उपाय नाही. पहिली वाघ. पांढरकवड्याजवळच्या १४८ चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ वाढले आणि बाहेरही पडले. २०१९ मध्ये इथून निघालेला 'वॉकर' नावाचा वाघ मैलोनमैल भटकत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. त्याआधी राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूशी नाव जोडली गेलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. त्या दिवसांत शेतकरी शेतात जायला भीत होते. अभयारण्यात सायकल नेता येत नाही, हे तर आहेच. बाहेरच्या रानातही पहाटे आणि सांजेला एकट्याने शिरू नये, हे गावकरी सांगतात ते ऐकावे. सायकल आवाज करत नाही, आणि वाघाला अचानक समोर आलेला प्राणी आवडत नाही. म्हणून धरणकाठ, कालव्याची वाट आणि गावालगतच्या पांदणी याच आपल्या खऱ्या ट्रेल.

दुसरी गोष्ट काळी माती. तिच्यासाठी कंपन्या उंच, विरळ गुट्ट्यांचे 'मड टायर' विकतात. ते युरोपातल्या ओल्या, भुसभुशीत मातीत चिखल झाडतात. आपली माती फुगते, चिकटते आणि गुट्ट्यांच्या मधल्या जागेतच घर करते. उन्हाळ्यात त्याच उंच गुट्ट्या मुरुमावर डळमळतात आणि लवकर झिजतात. शिवाय ओल्या पांदणीवर टायरने पाडलेली नाली वाळली की कडक होते आणि पेरणी-डवरणीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाखाली येते. या मातीवरचे उत्तर महिन्यात आहे. जून ते सप्टेंबर मुरूम, कालवा किंवा डांबर. पांदणीची पाळी दसऱ्यानंतर.

आता घ्यायची तर

मग आज इथे सायकल घेणाऱ्याने काय पाहावे? पुढे हवेचा चांगला शॉकअप परवडत असेल तर घ्यावा. नसेल तर स्प्रिंगच्या स्वस्त शॉकअपपेक्षा साधा चिमटा बरा. मागे शॉकअप नको, आपल्या वाटांना त्याची गरज नाही आणि मातीत त्याचा निभाव लागत नाही. चाक २९ इंची, बुटक्या माणसाला साडेसत्तावीस. डिस्क ब्रेक असावेत, कारण रिंगवर माती आली की रिंगचे ब्रेक घसरतात. पुढे एकच चकती आणि मागे मोठी कॅसेट असली की चिखल-कचऱ्यात बिघडायला भाग कमी.

पण खरी पारख टायरची. सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदी, मधल्या गुट्ट्या बसक्या आणि दाट, म्हणजे मुरूम-डांबरावर धाव राहील. कडेच्या गुट्ट्या उंच आणि भक्कम, म्हणजे फेब्रुवारीत सागाच्या वाळक्या पानांखाली दडलेल्या गोट्यांवर वळताना पकड सुटणार नाही. बाजूची भिंत जाड, मग टायर शंभर-दोनशे ग्रॅमने जड झाला तरी चालेल. ट्यूबलेस बसवता येईल अशी रिंग असेल तर पहिल्याच दिवशी ट्यूब काढावी. नसेल तर जाड ट्यूब आणि गेटर.

दुकानात मात्र बोलणे शॉकअपपासून सुरू होते आणि टायरकडे कोणी पाहत नाही. त्यामुळे वीस हजारांच्या सायकलवर लोक हलका, पातळ टायर घेऊन निघतात आणि पहिल्याच सराट्याला थांबतात. सायकलीच्या चार पिढ्यांनी इथल्या वाटांवर दाखवून दिलेला खर्चाचा क्रम वेगळा आहे : आधी टायर, मग ब्रेक, मग गिअर, आणि पैसे उरलेच तर शॉकअप.